शेवटच्या पत्त्यावरची खूण

डे मॉईन, ९ मार्च १९७९

प्रिय ऑरव्हिल दाजी यांस सप्रेम नमस्कार,

कोंबड्यांचं खुराडं, तळघराचा जिना (तेरा पायऱ्या, एकही कुरकुरत नाही), ताईचं शिवणाचं टेबल आणि आमच्या विमा कंपनीच्या संगणकासाठी ‘वारस’ नावाचा चारशे बारा ओळींचा असेम्बलर प्रोग्राम, एवढ्या गोष्टी मी कुणाकडे न शिकता स्वतःच्या हातानं केल्या. पहिल्या तिन्हींबद्दल आजवर कुणी ब्र काढलेला नाही. तुमचा गुडघा कसा आहे? ताईला नमस्कार.

आता ऐका. एक प्रोग्राम दुसऱ्याला कामाला लावतो तेव्हा माहिती हातात देत नाही, ती जिथे ठेवलीय त्या पत्त्यांची यादी देतो. पत्ते किती, हे सांगत नाही. फक्त शेवटच्या पत्त्यावर खूण करतो (पोस्टमनच्या गठ्ठ्यातल्या शेवटच्या पाकिटाचा कोपरा दुमडावा, तसं). कोबॉल भाषा ही खूण आपणहून करते. म्हणून विमेदाराचे वारस दोन असोत की चौदा, माझा ‘वारस’ अकरा वर्षं ते बिनबोभाट छापत आला.

जानेवारीत लायल ब्रँडस्टॅड नावाचे नवे साहेब आले (पदवीधर, पेन्सिलीला टोक काढता येत नाही). त्यांनी ‘वारस’ला बोलावणारा कोबॉल प्रोग्राम काढून पीएल-वन या दुसऱ्या भाषेत नवा लिहिला. पीएल-वनही खूण करते, पण तसं एका ओळीत आधी बजावावं लागतं. ती ओळ साहेबांनी फालतू म्हणून गाळली. ‘वारस’ बिचारा खूण शोधत पुढे पुढे गेला, आणि डिकोरा गावच्या टॉलेफसनबाईंना पत्र पोचलं: कैलासवासी यजमानांचे वारस दोन मुलगे, तिसरी ‘एकूण बेरीज’, चौथा ‘पान क्रमांक’. बाईंचा फोन नेमका मीच घेतला.

“ही बेरीज कोण हो? खरं सांगा, आमच्या ह्यांचं बाहेर काही होतं का?”

“नाही हो बाई, छपाईची चूक आहे.”

“अशी चूक आमच्याच घरात बरी शिरली!”

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, “‘वारस’च सदोष आहे. यापुढे दहाच वारस, मोजून.” मी दोनशे चौदा पानांचा डंप (संगणकाच्या पोटातलं सगळं जसंच्या तसं छापलेलं) टेबलावर आपटला. शेवटच्या पत्त्याच्या तोंडाशी खुणेचे ८० हवे, तिथे ००, लाल पेन्सिलीनं गोल केलेले. “आणि अकरावं पोर तुम्ही दत्तक घेणार का, साहेब?” असंही विचारलं. चूक माझी, असा कागद पुढे सरकवला गेला. मी सही केली नाही. करणारही नाही.

आपला,
व्हर्लिन

ता. क. सोमवारपासून मला घरी बसवलंय. तुमच्या धान्याच्या कोठारात वजनकाट्यावर माणूस हवा होता, ती जागा अजून आहे का? काटा मात्र आधी मी तपासणार.

दुसरा ता. क. एवढं ताईला वाचून दाखवू नका. त्या कागदावर सही केली असती, तर विभागप्रमुखाची खुर्ची मिळणार होती आणि वर्षाला अठ्ठावीसशे डॉलर जादा.