दुसऱ्या किल्लीबाबत

चि. शेंडेफळास,

ताईचे अनेक आशीर्वाद. (चाळिशी उलटलेल्या माणसाला शेंडेफळ म्हणू नये हे मलाही कळतं, पण सात वर्षं तोंड न दाखवणाऱ्याला कुठल्या नावाने हाक मारायची ते तूच सांग.) तू बरा असशीलच. नसतास तर कुणीतरी कळवलं असतं, वाईट बातमीला पत्ता लागत नाही. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, पण त्यावर विश्वास ठेवू नकोस. महिन्याभरात तुला एकवीस फोन केले. तू उचलत नाहीस. पत्र मात्र दारात पडलं की पायात येतं, ते उचलावंच लागतं, म्हणून हा खटाटोप.

तर अप्पांची किडनी गेली आहे. दोन्ही. दोन महिने झाले, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, एका वेळी चार तास, आणि ते सेंटर पुलापलीकडे, आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर. टॅक्सी करू म्हटलं तर म्हणतात, परक्या गाडीत माझा गुडघा वळत नाही आणि ड्रायव्हर बडबड करतो. (ड्रायव्हरने तोंड उघडायच्या आधीच हे स्वतः त्याला दोन गोष्टी सुनावतात, ते सोड.) मग काय, आपली अठरा वर्षांची म्हातारी कव्हराखालून बाहेर काढली. आई गेल्यापासून ती भाजी आणायला कोपऱ्यापर्यंत आणि परत, एवढीच चालत होती. चालवायला मी. तुझ्या भावोजींना गिअर आणि संसार दोन्ही मीच सांभाळलेले बरे वाटतात. आणि माझ्या हातात ही गाडी कधी म्हणजे कधी बंद पडलेली नाही, हे मी आल्या-गेल्याला ऐकवत आले आहे.

ती पुलावर बंद पडली. आचका नाही, धूर नाही, काही नाही. दिवे चालू, रेडिओवर एक बाई त्वचेची काळजी कशी घ्यावी ते सांगते आहे, आणि इंजिन गार. म्हणजे गार नव्हतं, चांगलं तापलेलं होतं, तोच तर सगळा घोळ. मागून हॉर्न, वरून ऊन, आणि शेजारी चार तास रक्त धुऊन आलेले अप्पा, चेहरा कागदासारखा, गाडीच्या आत छत्री उघडून बसलेले. पाऊण तासाने मी सहज किल्ली फिरवली तर अर्ध्या फेरीत चालू, जणू काही झालंच नाही. पुढच्या पंधरा दिवसांत असं चारदा झालं.

मग मेस्त्री. त्याने आधी प्लग बदलले, मग कॉइल, मग पेट्रोल पंप, आणि दर वेळी गल्लीत एक चक्कर मारून येऊन म्हणाला, ताई, एकदम मक्खन. अरे, गल्लीत चक्कर मारून गाडी तापते का? पेशंटला खुर्चीत बसवून हा आता डोंगर चढेल म्हणण्यातला प्रकार. तुझ्या भावोजींचं मत पेट्रोलमध्ये भेसळ आहे असं पडलं. (त्यांचं मत सगळ्याच बाबतीत भेसळीचं आहे. परवा माझ्या गुडघ्यांबद्दलही तेच म्हणाले.) शेवटी कुणीतरी गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा एक इलेक्ट्रिशियन सुचवला. पन्नाशीचा, हडकुळा, बोलणं मोजून-मापून. दोन बोटांनी वायर धरून डोळे मिटतो, म्हणून आम्ही त्याला नाडीवैद्य म्हणतो.

नाडीवैद्याने बॉनेट उघडलंच नाही. बंद पडल्यावर किती वेळाने चालू होते, एवढंच विचारलं. मग शेजारच्या सीटच्या पायाशी असलेलं झाकण काढलं. आत जेवणाच्या चपट्या डब्याएवढी एक पत्र्याची पेटी. हा म्हणे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजिनात ठिणगी कधी आणि पेट्रोल किती ते हाच ठरवतो. गाडी चालू केली आणि माझा केस वाळवायचा ड्रायर मागवून घेऊन त्या पेटीवर गरम हवा सोडत बसला. चौथ्या मिनिटाला इंजिन बंद. मग फ्रीजमधली माझ्या गुडघ्यांची बर्फाची पिशवी त्या पेटीवर ठेवली. दहा मिनिटांत पहिल्या फटक्यात चालू. आतल्या जोडाला केसाएवढी चीर गेली आहे, म्हणाला, तापली की फाकते, निवली की मिटते. गाडी जवळपासच फिरली तर वर्षानुवर्षं कळत नाही, लांब नेली की दगा देते. पेटी बदला.

अप्पा काठी टेकून ऐकत होते. त्यांनी विचारलं, हे किती वर्षांपासून असेल? तो म्हणाला, सात, आठ, सांगता येत नाही. अप्पांनी पुन्हा विचारलं, आणि निवली की पहिल्या फटक्यात चालू होते? तो म्हणाला, हीच तर खूण. त्यावर अप्पा पायरीवर बसले ते उन्हं पायाशी येईपर्यंत उठले नाहीत.

तुला सांगायला नको, पण कुणीतरी एकदा लिहायला हवं म्हणून लिहिते. आईचं इंजेक्शन पुलापलीकडच्या एकाच दुकानात मिळत होतं. तू गाडी घेऊन गेलास आणि अडीच तासांनी धावत, घामाने निथळत, इंजेक्शन हातात घेऊन आलास. आई गेलेली होती. तू म्हणालास, गाडी पुलावर बंद पडली. संध्याकाळी आपण तिघं तिथे गेलो. अप्पांनी किल्ली फिरवली, आणि ती मेली अर्ध्या फेरीत चालू झाली. नातेवाइकांनी भरलेल्या घरात परत आल्यावर अप्पा सगळ्यांदेखत तुला म्हणाले, "गाडी खोटं बोलत नाही." पंधरा दिवसांत तू गेलास. दुसरी किल्ली तुझ्या खिशात राहिली.

असो. पेटी नवी मिळत नाही, कंपनीने ती बनवणं कधीच सोडलं. नाडीवैद्य भंगारात जाऊन तीन पेट्या घेऊन आला. पहिली आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीची निघाली, दुसरीत मुंग्यांनी घर केलेलं, तिसरी जुळली. मी सुटकेचा निःश्वास टाकते आहे तोवर त्याने सांगितलं की ही पेटी आपल्याला कुणालाच ओळखत नाही. (या घरात हे नवं नाही.) तिला किल्ल्यांची ओळख करून द्यायची असते, सगळ्या किल्ल्यांची, एकाच बैठकीत. त्या वेळी जी हजर नसेल ती तिच्या लेखी परकी. अप्पांनी हे ऐकलं आणि काठी आपटली. दुसरी किल्ली आल्याशिवाय हात लावायचा नाही.

आज बारा दिवस गाडी अंगणात पोट उघडं टाकून उभी आहे. पहिल्या आठवड्यात हातापाया पडून टॅक्सीने नेलं. त्यानंतरच्या दोन खेपा चुकल्या. टॅक्सी दारात आणून उभी केली तर तोंड फिरवून बसतात, गाडी झाली की जाऊ म्हणतात. पाय इतके सुजलेत की स्वतःच्या चपला होत नाहीत, तुझ्या भावोजींच्या घालून फटक-फटक करत संडासाला जातात. ऐकलं की हसू येतं, आणि मग रडू येतं, आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासते. डॉक्टरीणबाई एरवी फार बोलत नाहीत. काल फोनवर म्हणाल्या, आणखी चुकली तर मला विचारू नका. नाडीवैद्य रोज संध्याकाळी येतो, किल्ली आली का विचारतो, चहा पितो आणि जातो. एवढा धीर असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कळावे. लोभ आहेच, तू विचारला नाहीस तरी.

तुझी,
ताई

ता. क. १ : किल्ली कुरिअरने पाठवू नकोस. ज्याची किल्ली त्यानेच स्वतःच्या हाताने फिरवावी लागते, असं नाडीवैद्य म्हणतो. (तो असं म्हणालेला नाही.)

ता. क. २ : पत्र लिहून झाल्यावर तो आला होता. हळूच म्हणाला की राहिलेली किल्ली नंतर केव्हाही जोडता येते, अर्ध्या तासाचं काम. मी पळत जाऊन अप्पांना सांगितलं. म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे." आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

ता. क. ३ : हे लिहून लगेच पाकीट चिकटवते, नाहीतर फाडून टाकेन. माझ्या हातात गाडी कधी बंद पडली नाही असं वर लिहिलं आहे. पडली होती. आई जायच्या आधी तीन आठवडे, त्याच पुलावर. अप्पांना न विचारता मैत्रिणीकडे नेली होती. तासाभराने पहिल्या फटक्यात चालू झाली आणि बोलणी खावी लागतील म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. अप्पा ते वाक्य बोलले तेव्हा मी तुझ्या शेजारी उभी होते. तू माझ्याकडे पाहिलंस. तुला काही माहीत नव्हतं, तू नुसतं आधारासाठी पाहिलंस, आणि मी पाण्याचे ग्लास गोळा करायला लागले. हे अप्पांना सांगायचं आहे, आणि त्यांच्याकडे वेळ किती उरला आहे ते वर लिहिलंच आहे. रोज ठरवते, रोज भांडी घासायला जाते. तू ये, आणि मी सांगेन तेव्हा माझ्या शेजारी उभा राहा. किल्ली हरवली असली तरी चालेल.