अर्ध्या रंगमंचावर

प्रिय ताई,

गुडघा कसा आहे? ऑपरेशनला चार महिने झाले आणि आई म्हणते, कठडा धरून का होईना, तू जिना चढतेस. मला मात्र सपाट रंगमंचावर नाचता येईनासं झालंय. हसू नकोस. पुढच्या शनिवारी माझा पहिला एकटीचा कार्यक्रम, आणि माझं पाऊल मधल्या रेघेच्या उजवीकडे पडतच नाही. दिवेवाला मध्यभागी उजेड पाडतो आणि मी नाचता नाचता अंधारात सरकते. काल वैतागून विचारत होता, उजवीकडे साप निघालाय का म्हणून. त्या बिचाऱ्याला काय सांगू, की तिथे सोळा वर्षं तू होतीस?

सुरुवातीचं तर विचारूच नकोस. वादककाकांनी तीनदा ताल धरला आणि तिन्ही वेळा मी खांबासारखी उभी. मग लक्षात आलं, मी तुझ्या श्वासाची वाट बघतेय. तू नाकाने जोरात श्वास घ्यायचीस आणि त्यावर मी पहिलं पाऊल टाकायचे. त्यावरून तुला इंजिन म्हणून किती चिडवलंय मी! काकांनी वाद्य बाजूला ठेवलं आणि पाणी प्यायले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

टाळ्या पडायच्या तेव्हा लोकांची नजर आधी तुझ्याकडे जायची. मला वाटायचं, एकदाच, तू शेजारी नसताना त्यांनी मला बघावं. लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं.

दर फोनवर तू विचारतेस, कुठून बोलावणं आलं का, आणि मी विषय बदलते. ताई, शनिवारचं हे बोलावणं आपल्या दोघींना होतं. तू बरी होईपर्यंत तारीख पुढे ढकलायलाही आयोजकबाई तयार होत्या. मी त्यांना कळवलं, ताईने नाच सोडला. काकांनाही तेच सांगितलं, वर बजावलं, की तिच्यापुढे विषय काढू नका, तिला त्रास होतो. परवा तालमीला सगळे जमतील तेव्हा मी खरं सांगणार आहे. शनिवार मग होवो न होवो. त्याआधी तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे पत्र. कुणाचे फोन येत नाहीत म्हणून तुला वाटतं, सगळे तुला विसरले. कुणीही विसरलेलं नाही, ताई. मी त्यांना अडवलं.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
छोटी