चॅटबॉटला सांगितलेलं अर्धं दुखणं

इंदिरानगर, नाशिक
४ मे २०२५

ती. आक्कांस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते, कारण घरातला फोन दिवसभर तुमच्या भावाच्या हातात असतो. निवृत्त झाल्यापासून हे त्यातल्या चॅटबॉटला सगळं विचारतात. त्याला अहो-जाहो करतात; मला अजून 'ऐकलंस का' एवढंच.

आधी बचतीचं खूळ झालं. वीज जपून वापरा असं उत्तर आलं, तर यांनी भर उन्हाळ्यात बैठकीतला पंखा बंद करून पाहुण्यांना पुठ्ठे वाटले. शेजारच्या बायडाबाई आता येतानाच हातपंखा घेऊन येतात.

सध्या नैसर्गिक आरोग्य चालू आहे. कांदा बीपीला चांगला का, असं यांनी विचारलं. आहारात असावा, असं उत्तर आलं. तेव्हापासून रोज सकाळी पेलाभर कांद्याचा रस, आणि बीपीची गोळी बंद. आता डोकं दुखतंय, पण डॉक्टरांचं नाव काढलं की मलाच गप्प बसवतात. मला भीती वाटते हो.

माया तुमची आहेच. या वेळी थोडा धाकही पाठवा.
आपली,
दीपमाला

विंचूर
८ मे २०२५

चि. सौ. दीपमालेस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी लय हसले, मंग घाबरले. इथं आमचा जन्म कांद्यात गेला, पण गोळी सोडून कांदा पिणारा अजून पाह्यला नाय.

भारत लहानपणीबी अर्धंच सांगायचा. मास्तरांनी मारलं हे सांगायचा, का मारलं ते नाय. त्या यंत्रालाबी तसंच अर्धं सांगितलं असंल. गोळी चालू होती, ती बंद केली, आता डोकं दुखतंय, हे सगळं तू भारतसमोर त्या यंत्राला सांग. तरीबी नाय ऐकलं तर मी येते. मंग त्याला डॉक्टर सोपा वाटंल.

जीवाला जप, हातातली भाजी ठेवून आधी हे काम कर.
तुझी,
कुसाबाई

इंदिरानगर
१३ मे २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न.

तुझं पत्र येताच दीपमालाने फोन ओढून घेतला आणि सगळं सांगितलं. उत्तर आलं की गोळी स्वतःहून बंद करू नये, आजच डॉक्टरांना दाखवावं. मी चॅटबॉटना म्हटलं, अहो, कांद्याचं तुम्हीच बोललात. तर अगदी नम्रपणे म्हणाले, गोळीचं तुम्ही बोलला नव्हता.

डॉक्टरांनी बीपी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मग माझ्याशी न बोलता दीपमालाशीच बोलले. गोळी सुरू आहे. डोकं दुखायचं थांबलं. पंखाही लावला.

बायको बरोबर निघाली तर नवऱ्याने काय करावं, हेही मी विचारून घेतलं. माफी मागावी, म्हणे. मागितली.

रागाव, पण अंतर देऊ नकोस.
तुझा,
भारत

विंचूर
२० मे २०२५

चि. भारत आणि चि. सौ. दीपमालेस,
आशीर्वाद.

वाचून जीव भांड्यात पडला. आता माझं ऐका. माझ्या सुनेच्या, उज्वलाच्या फोनवरून मीबी त्याला गुडघ्याचं इचारलं. तर त्यानं उलट मलाच इचारलं, कधीपासून दुखतंय, झोप लागती का, घरात जड कोण उचलतं. लय वर्सांनी कोणी एवढं इचारलं. मी बोलत बसले आन् चुलीवरचा भात करपला. सून अजून फुगलेली हाय.

शेवटी त्याला म्हटलं, बाबा, रविवारी जेवायला ये. म्हणे, मला येता येत नाय.

तवा त्याच्या वाटणीचं जेवायला तुम्ही दोघं या. आन् आल्यावर गुडघ्याचं इचारा.
तुमची,
आक्का