अँप्लिफायरची खंडेनवमी

नवनगर, कार्तिक वद्य अष्टमी

तीर्थस्वरूप प्रभंजनअण्णा यांस दीपकचा दंडवत.

वहिनींचे गुडघे, आपली साखर आणि परसातली केळ, तिघांचीही प्रकृती ठीक असो अशी मारुतीपाशी रोज प्रार्थना करतो. भाग्यलक्ष्मीची प्रकृती विचारण्याचा हक्क मला उरला आहे की नाही ते ठाऊक नाही. भाऊबीजेला आपल्याला ओवाळायला म्हणून ती अळणावरला आली, त्याला आज तीन आठवडे झाले. ती परत यावी एवढ्याचसाठी हे पत्र आहे. मध्ये जे लांबेल ते माझ्या स्वभावामुळं.

दसऱ्याच्या सकाळी गल्लीतले लोक सोनं लुटायच्या तयारीत होते आणि मी जुना टूथब्रश घेऊन अँप्लिफायरच्या जाळीतलं कुंकू काढत बसलो होतो. हा अँप्लिफायर आपण पाहिला आहे (वहिनी त्याला टीव्ही समजून समोर बसल्या होत्या). पन्नास वर्षांपूर्वीचा, जपानी, वजनाला जात्याएवढा, पुढं दोन काटे. धारवाडातले एक वकील वारले आणि त्यांच्या मुलांनी तो रद्दीबरोबर काढला. रेकॉर्डचा प्लेअर हुबळीच्या जुन्या बाजारातला, बिनझाकणाचा. स्पीकर एका बँडवाल्याच्या शेडमधले. त्यांचे कागदी पडदे उंदरांनी खाल्ले होते, ते सटवाजी मिस्त्रींनी नवे बसवले. इतक्या तोलाचा संच नवा घ्यायचा तर घर विकावं लागलं असतं, म्हणून दोन वर्षं मी मयताच्या घरी भेटायला जाऊन, उठता उठता माळ्याकडं बघत आलो. (पाप आहे. पण जुन्या चांगल्या वस्तू जिवंत माणसं सोडत नाहीत.)

हव्यास कशाचा, तर टाळाचा. शनिवारी मारुतीच्या देवळात मी भजनाला टाळ धरतो हे आपण जाणता. टाळ वाजल्यावर जो बारीक नाद मागं राहतो, हवेत दोऱ्यासारखा, तो मला घरी रेकॉर्डवर ऐकायचा होता. आमच्या गावच्या शाळेत प्रार्थनेनंतर गुरुजी घंटा वाजवायचे आणि तिचा नाद पूर्ण विरेपर्यंत आम्हाला डोळे मिटून उभं करायचे. देव म्हणजे काय, याची माझी समजूत अजून तेवढीच आहे.

अष्टमीला शेवटची वायर जोडली आणि पहिली रेकॉर्ड दसऱ्याला लावायची असं ठरवलं. मधल्या दिवशी खंडेनवमी. मी देवळात असताना भाग्यलक्ष्मीनं विळी, शिवणयंत्र, मिक्सर, स्कूटर या सगळ्यांबरोबर अँप्लिफायरलाही विभूतीचे पट्टे ओढले, कुंकू लावलं, झेंडू वाहिला, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि त्याचं पाणी सगळ्यांवर सारखं शिंपडलं. दसऱ्याला रेकॉर्ड लावली तर टाळ लाकडी. नाद नाहीच. डब्यावर डबा आपटल्यागत.

मी रागावलो. ती म्हणाली, ‘‘शिवणयंत्रावर शिंपडलं, स्कूटरवर शिंपडलं, ती काय मेली? तुमच्या मशीनलाच तेवढं नारळाचं पाणी सोसेना होय? अन् त्यात रातकिडा ओरडतोय सारखा, तो काढा आधी.’’ मला कसलाच रातकिडा ऐकू येत नव्हता. मी म्हणालो, तुझ्या भक्तीनं माझा देव बुडवला, आणि तुला कान नाहीत. अण्णा, हे वाक्य मी बोललो आहे. लपवत नाही.

पुढं घरात अबोला सुरू झाला. तिचा, अशी माझी समजूत. बोलेल आपण होऊन, म्हणून मीही गप्प. (खरं सांगायचं तर जप छान होत होता.) नंतर शेजारच्या अंबूताईंनी सांगितलं, तेही ओरडून, की ती रोज बोलत होती. आतून चहा विचारायची, भाजी विचारायची, भाऊबीजेला सोबत येता का, हे तिनं तीनदा विचारलं. मी भिंतीसारखा समोर बघत बसलेला. म्हणजे अबोला एकट्या माझाच होता, आणि तो मी धरला आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

ती गेल्यावर मी अँप्लिफायर तिसऱ्यांदा रिक्षात घालून सटवाजींकडं नेला. दोनदा त्यांनी तो पुसून, सुकवून, वरच्या आवाजाचे छोटे स्पीकर बदलून दिले होते. या वेळी त्यांनी रेकॉर्ड लावली आणि माझ्या मागं जाऊन उभे राहिले. जरा वेळानं पुढं येऊन मोठ्यानं म्हणाले, ‘‘साहेब, किती वेळा वाजवली?’’

‘‘काय?’’

त्यांच्या हातात दुकानाच्या देव्हाऱ्यातली घंटा होती. ‘‘पाच वेळा. समोरचा पानवाला उठून बघायला लागला. मशीन घेऊन जा घरी. मशीनला काही झालेलं नाही.’’

कानाच्या डॉक्टरांनी तेच कागदावर रेघ काढून दाखवलं. बेलूरच्या कारखान्यात पंचवीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशेजारी उभं राहून वरच्या पट्टीचे आवाज गेलेत, ते परत यायचे नाहीत. कानात यंत्र घातलं तर माणसांचं बोलणं कळेल. टाळाचा तो दोरा मात्र तुटला तो तुटला. यंत्र घातलं. घरी येऊन संच लावला आणि पहिल्यांदा काय ऐकू आलं असेल, तर रातकिडा.

त्याच शनिवारी देवळात कळलं की वर्षभर मी सगळ्यांच्या अर्धी मात्रा मागं टाळ वाजवत होतो. पखवाजवाले गणेशराव म्हणाले, ‘‘देवाला चालत होतं हो. आम्हालाच जरा जड जायचं.’’ मी टाळ देवापुढं ठेवला आणि मागच्या रांगेत जाऊन बसलो. कुणी थांबवलं नाही.

मधल्या काळात आपण चार वेळा फोन केलात. यंत्र नव्हतं, फोनवर नुसती घरघर ऐकू यायची, आणि आपण वडीलधारे म्हणून मी प्रत्येक वेळी ‘‘हो हो, आपण म्हणाल तसं’’ म्हणालो. कशाला होकार दिला ते मला ठाऊक नाही. जे काही असेल ते रद्द समजावं.

आपला,
दीपक

ता. क. : सटवाजी म्हणतात, रातकिडा आता काढला. मला खात्री देता येत नाही. घरात एक धड कानाचं माणूस हवं. निदान तेवढ्यापुरतं भाग्यलक्ष्मीला पाठवावं.

पुन्हा ता. क. : वरचं वाचून ती अजिबात येणार नाही, हे लिहिल्यावर लक्षात आलं. रातकिडा राहू दे. ती रोज बोलत होती ते सगळं मला पहिल्यापासून ऐकायचं आहे, माझ्याबद्दलचं सुद्धा.

शेवटचं : पत्र टाकायला टपालपेटीपाशी दोनदा गेलो आणि दोनदा परतलो. आज सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. या ओळी आपल्याच दारातल्या कट्ट्यावर बसून लिहितो आहे. आता कागद दाराखालून आत सरकवतो. दार बंद असलं की यंत्रालाही काही कळत नाही, तेव्हा आतून हाक मारू नये. तिलाच दार उघडायला सांगावं.