आईच्या ओव्हनमधली सुरमई

डब्लिन

प्रिय बाबा,

सप्रेम जयभीम. मी आणि पायल इथे बरे आहोत. बाहेर थंडी आहे, पण घर उबदार आहे.

रविवारी दर्शना डोंबिवलीच्या सासरहून येऊन गेली ना? ती म्हणाली, आई गेल्यापासून तुम्ही नुसता वरणभात खाता. फोनवर मी जेवणाचं विचारलं की तुम्ही इथल्या थंडीचं विचारून विषय बदलता, म्हणून लिहितोय.

डॉक्टरांनी तुमचं तळलेलं बंद केलंय, मासे नाहीत. इथे तळलेला मासा आणि बटाट्याचे जाड काप खातात. तेच मी ओव्हनमध्ये केलं. पहिल्यांदा आईसारखा मासा कोरड्या रव्यात घोळवला, तर रवा कच्चाच राहिला, दाताखाली वाळूसारखा. पायल म्हणाली, "अहो, मासा किनाऱ्यासकट आणलात का?" बऱ्याच दिवसांनी आम्ही हसलो.

आता रव्याला आधी चमचाभर तेल चोळतो. बटाट्यांना वेळ लागतो, म्हणून ते अर्धवट उकडून, पुसून आधी आत ठेवतो. मासा नंतर. छान कुरकुरीत होतो. तुम्ही सुरमई घ्या. हळद-तिखटाचा आईचा अंदाज मला जमत नाही, तुम्हाला जमेल.

आईने शिवलेलं कव्हर अजून तिच्या ओव्हनवर तसंच आहे म्हणे. एकट्याने काढवत नसेल, तर दर्शना आली की दोघं मिळून काढा. मग दोघं जेवा आणि मला कळवा.

कव्हर घडी करून कपाटात ठेवा. मी येईपर्यंत धुऊ मात्र नका.

तुमचा,
रत्नदीप