या हवेत आई बोलते

नाना,

आज सकाळपासून इथं पाऊस आहे आणि तुमची बायको त्यात फिरायला गेली आहे. एकटी, कुणालाही न विचारता. पायात बूट, साडीवर माझा जुना लाल रेनकोट, डोक्याला कानटोपी आणि कानटोपीवर पुन्हा रेनकोटची टोपी. दारातूनच ओरडली, "जाई येस मी," जाऊन येते म्हणून, आणि गेली. तुम्ही असतात तर विचारलं असतं, कुठे, कशाला, कुणाबरोबर. आणि सगळ्याची उत्तरं मिळाल्यावरही "काही गरज नाही" म्हणून पेपरात डोकं घातलं असतंत. तुम्ही जाऊन आता वीसच्या वर वर्षं झाली. तरी मला हे तुम्हाला मुद्दाम सांगायचं आहे, आणि ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही.

मी इंग्लंडच्या उत्तरेला एका लहानशा गावात राहते, इथल्या दवाखान्यात औषधांच्या विभागात काम करते. घरात मी एकटीच. आई व्हिसावर सहा महिने येते, तेव्हा दोघी. इथल्या पावसाला जळगावात कुणी पाऊस म्हणणार नाही. तो पडत नाही, नुसता हवेत असतो. छत्री उघडावी तर वारा ती उलटी करतो, नाही उघडावी तर कोपऱ्यापर्यंत जाईतो चष्म्यातून काही दिसत नाही. कपडे दोरीवर टाकायचे आणि कान बाहेर ठेवून काम करायचं. दिवसातून दोनदा तरी पळत जाऊन ते आत आणायचे आणि हीटरवर पसरायचे. हिवाळ्यात दुपारच्या चहाच्या वेळेला अंधार पडतो. मी कामावर अंधारात जाते, अंधारात येते, आणि सकाळी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडताना बोटं माझी आहेत की नाहीत ते कळत नाही. मग एखाद्या दिवशी ऊन पडतं आणि सगळं गाव काम सोडून बाहेर येऊन बसतं, जणू कुणाच्या घरी लग्न आहे. पहिली काही वर्षं मला या हवेचा राग यायचा. आता येत नाही. या हवेनं माझ्या आईला जे दिलं ते तुम्ही सगळ्या संसारात दिलं नाहीत.

काय दिलं ते सांगते. इथं कुणीही कुणाशी हवेबद्दल बोलू शकतं. दुकानात, बसच्या थांब्यावर, दवाखान्याच्या लिफ्टमध्ये. "गारठा आहे, नाही?" एवढं म्हटलं की समोरचा आपला होतो, निदान तेवढ्यापुरता. आई पहिल्यांदा आली त्याच आठवड्यात शेजारच्या बाईनं कुंपणावरून हेच विचारलं. ही बाई ऐंशीच्या घरातली, नवरा वारलेला, आयुष्यभर एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलेली. आई गांगरली. माझ्याकडे बघायला लागली, तुमच्याकडे बघायची तशी, बोलू का म्हणून. मी म्हटलं, "बोल ना." तर आई म्हणाली, "कोल्ड. लई कोल्ड शे माय." आणि ती बाई मनापासून हसली, म्हणाली, उद्या याहून वाईट असणार आहे. तेव्हापासून रोज त्यांचं कुंपणाशी चालतं. आईला इंग्रजी शब्द येतात ते सगळे हवेचे: कोल्ड, रेन, विंड, नो सन, लवली डे. मधल्या सगळ्या जागा ती अहिराणीनं भरते. बाई इंग्रजीत बोलते, आई अहिराणीत, आणि दोघींचा चहा गार होतो.

तुम्हाला आठवतं का, ती जळगावला का बोलायची नाही? मला आठवतं. मी लहान होते. तुमच्या कापसाच्या जिनिंग मिलमधले कुणी साहेब जेवायला होते आणि आई वाढताना सहज म्हणाली, "आखो ल्या ना भाऊ." एवढंच. आणखी घ्या. तो माणूस हसला, वाईट नव्हता हसला. पण तो गेल्यावर तुम्ही आईला समोर उभं केलंत आणि म्हणालात, "चार माणसांत तोंड उघडत जाऊ नकोस. तुझी शिंदखेड्याची भाषा शिंदखेड्याला ठेव." तुम्ही स्वतः चाळीसगावजवळच्या खेड्यातले. तुमची आई मरेपर्यंत तीच भाषा बोलली. पण तुम्ही मॅनेजर झाला होतात, बैठकीच्या खोलीत सोफा आला होता, खिडकीला कूलर लागला होता. त्या दिवसापासून आई बैठकीच्या खोलीत ट्रे घेऊन यायची, ठेवायची आणि जायची. पाहुण्यांना वाटायचं, वहिनी फार शांत आहेत. तुम्ही म्हणायचात, "स्वभावच आहे तिचा."

आणि मे महिना. तो मी इथल्या कुणाला सांगू शकत नाही, कारण ऐकणाऱ्याला आकडा कळतो, ऊन कळत नाही. मागचं पत्र्याचं स्वयंपाकघर दुपारी असं तापायचं की भांड्याला हात लावताना पदर घ्यावा लागायचा. आईनं एकदाच पंखा मागितला होता. तुम्ही म्हणालात, "पंख्यानं चुलीचा जाळ विझतो." कूलरसमोर बसून म्हणालात. अशाच एका रविवारी गुजरातेतले कापसाचे व्यापारी जेवायला आले. तुम्हाला त्यांना मांडे खिलवायचे होते. चुलीवर खापर पालथं टाकलेलं, पुरण भरलेली पोळी आई दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठी करायची आणि खापरावर टाकायची. मी आठवीत होते, पानं वाढायला धावत होते. एका खेपेला परत आले तर आई जमिनीवर. डोळे अर्धे उघडे, अंग कोरडं आणि तव्यासारखं गरम, हातातली पोळी बाजूला पडलेली. मी बैठकीच्या खोलीत पळाले. तुमच्या कानाशी वाकून म्हणाले, "नाना, आई पडली." तुम्ही उठलात, आत आलात, तिच्याकडे पाहिलंत. मग माझ्याकडे. आणि हळू आवाजात म्हणालात, "आधी पंगत उठू दे. मग बघू. आवाज करू नकोस." झालेले मांडे ताटात घेतलेत आणि स्वतः जाऊन वाढलेत. मी आईच्या डोक्यावर पाणी ओतत बसले होते. बाहेर तुमचं हसणं ऐकू येत होतं.

डॉक्टर आले ते पाहुण्यांना पान-सुपारी होऊन गाडी फाटकाबाहेर गेल्यावर. दोन दिवस आई दवाखान्यात होती, कुणाला ओळखत नव्हती. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "उन्हाचा थोडा चटका बसला." ती घरी आली तेव्हा तिला म्हणालात, "खापर फुटलं त्या गडबडीत. नवं आणायला हवं." आणलंतही. पण आईनं मग मांडे कधी केले नाहीत. म्हणायची, हातात जोर राहिला नाही, पोळी झेलत नाही, फाटते. तुम्ही कितीदा मागितलेत. दिवाळीला, माझ्या निकालाला, अगदी शेवटच्या आजारपणात, अंथरुणावरून. तेव्हाही ती तुमच्या उशाशी बसून दोन्ही तळवे पुढे करून म्हणाली होती, "हे हात बघा ना माझे." मी बाहेर जाऊन रडले होते. मला वाटलं, त्या दुपारी तिचे हात गेले. तुम्ही जानेवारीत गेलात, रजईत, गुलाबी थंडीत. मरायलाही चांगली हवा बघितलीत.

आता पुढचं ऐका. मागच्या खेपेला आई हिवाळ्यात आली होती. बाहेर बर्फ पडून रस्ते बंद, मी दोन दिवस घरी. शेजारची बाई तिच्या घरात एकटी, हीटर बिघडलेला, म्हणून आम्ही तिला आमच्याकडे आणून ठेवलं. मी वर अंथरूण घालून खाली आले तर स्वयंपाकघरात पुरणाचा वास. आईनं गॅसवर लोखंडी कढई पालथी घातली होती आणि तिच्या हातावर पोळी फिरत होती. मोठी होत होती, पातळ होत होती, कोपरापर्यंत येत होती, फाटत नव्हती. ती बाई खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती. मी म्हटलं, "आई, तुझे हात?" आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "आठली थंडी मानवनी हातले." इथली थंडी हातांना मानवली. आणि मी, औषधांच्या विभागात काम करणारी बाई, मी ते खरं मानलं. दवाखान्यात दोन-तीन जणींना सांगितलंसुद्धा, कोरड्या उन्हापेक्षा ही हवा सांध्यांना बरी असेल म्हणून.

गेल्या आठवड्यात इथं उन्हाळा झाला. इथले लोक त्याला उन्हाळा म्हणतात. आपल्याकडे होळीच्या सुमाराला असतं तेवढं. पण घरं थंडीसाठी बांधलेली, पंखा कुणाकडे नाही, दुकानातले होते तेही संपले. रेडिओवर सारखं सांगत होते, पाणी प्या, म्हाताऱ्या शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवा. मला ते ऐकून हसू आलं आणि मग मी रेडिओ बंद केला. लक्ष ठेवा म्हणे. आईनं शेजारणीच्या खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या आणि तिला आमच्या मागच्या दाराच्या सावलीत आणून बसवलं. दोघींचे पाय प्लॅस्टिकच्या टबात, पाण्यात. मी आत ओट्याशी भांडी विसळत होते, खिडकी उघडी होती. बाईनं हातानं वारा घेत विचारलं, "तुमच्याकडे याहून जास्त असतं?" आईला ते कळलं. म्हणाली, "आमनाकडे? लई ऊन शे माय."

आणि मग ती थांबली नाही. कुंपणावरच्यासारखं मोठ्यानं नव्हे, सावकाश, टबातल्या पाण्याकडे बघत. पत्र्याचं स्वयंपाकघर. चूल. व्यापारी. मी नळ बंद केला. ती म्हणाली, मी पडले पण मेले नव्हते. डोळ्यांपुढे अंधार होता, जीभ हलत नव्हती, पण "मी बठ्ठं ऐकी ऱ्हायनी व्हती." सगळं ऐकत होते. पोरगी माझ्यावर पाणी ओतत होती. "तो म्हने, आधी पंगत उठू दे."

तो, नाना. सगळं आयुष्य तुम्हाला 'ते' म्हणणारी बाई, तुमच्या मागंसुद्धा, तुमच्या तेराव्यालासुद्धा, 'तो' म्हणाली. मग तिनं आपले दोन्ही हात त्या बाईपुढे धरले आणि हसली. म्हणाली, या हातांना काही झालं नव्हतं. कधीच नाही. "मले करनंच नव्हतं." मला करायचंच नव्हतं. मरताना मागितलं त्यानं, तरी नाही केलं.

म्हणजे तिनं ऐकलं होतं. तुम्ही जन्मभर समजत राहिलात की ती बेशुद्ध होती, आणि तिच्या हातचं जेवत राहिलात, आणि ती वाढत राहिली, आणि रोज तुम्हाला एक गोष्ट नाकारत राहिली. तुम्ही आजारपणात ज्या तळव्यांकडे बघून "बिचारी" म्हणाला होतात ते धडधाकट होते. हे मला तुम्हाला सांगायचं होतं. गेला आठवडाभर मी दुसरं काही करू शकलेले नाही. कामावर, गाडीत, भाजी चिरताना मी तुम्हाला हेच सांगते आहे. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. तुम्ही जिवंत हवे होतात असं मला पहिल्यांदाच वाटलं, समोर खुर्चीत, कूलर बंद करून, हे ऐकायला.

पण तुम्ही नाही, आणि हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा ते मला कळत नाही. आईच्या हाती लागू द्यायचा नाही एवढं मात्र नक्की. मी खिडकीशी होते हे तिला माहीत आहे की नाही, मी विचारलेलं नाही. ती आता येईलच, ओली होऊन, बाहेर किती गारठा आहे ते सांगत.

एकच गोष्ट राहिली. त्या दिवशी आई बोलायची थांबली तेव्हा शेजारच्या बाईचे डोळे भरले होते. तिला शब्द एकही कळला नव्हता, पण तिनं आईचे पुढे केलेले हात धरून ठेवले होते. तिनं मान वर करून खिडकीतून मला विचारलं, "काय सांगतेय ती?" माझ्याकडे सगळे शब्द होते. दोन्ही भाषांतले. तुमचं नाव घेऊन सांगता आलं असतं, आणि ऐकणारं माणूस समोर बसलं होतं.

मी म्हटलं, "विशेष काही नाही. आमच्याकडच्या उन्हाबद्दल बोलतेय."