डावीकडचा ब्रेक

श्रीमत् चतुश्चक्रचूडामणी, क्लचगिअरविद्यापारंगत, नवशिक्षितभयनिवारक, मंदगतिमार्तंड, मोटारशिक्षणपीठाधीश्वर, तथा अस्मादिकांच्या धर्मपत्नीचे ज्येष्ठ बंधू दादासाहेब यांच्या चरणी त्याच पीठातील (परवापर्यंतच्या) वरिष्ठ शिक्षकाचा साष्टांग नमस्कार.

आपली कंबर कशी आहे? ती नाजूकच असावी अशी माझी मनोमन प्रार्थना आहे. कारण ओघात येईलच. इकडे सर्व क्षेम, केवळ माझी प्रतिष्ठा वगळता.

बालपणी जेवणाचे ताट सुकाणूसारखे फिरवत मी घरभर धावत असे आणि मोठेपणी व्यावसायिक शर्यतपटू होणार असे भिंतींना बजावत असे. नियतीने मला आपल्या गोगलगाय-संवर्धन केंद्रात आणून बसवले : तेही डावीकडच्या आसनावर, पायाखाली शिक्षकाचा तो दुसरा ब्रेक, शेजारी घामाघूम विद्यार्थी. उभी हयात मी इतरांचा वेग कमी करण्यात घालवली. अशा मनुष्याने पन्नाशीच्या उंबरठ्यावर एका शर्यतसंघाच्या निवड चाचणीची जाहिरात वाचली, तर त्याने काय करावे? मी आपणांस राजीनामा दिला (त्यातील ‘गोगलगायींचा गुराखी’ ही उपाधी सुचली तेव्हा मी स्वतःच हसलो होतो) आणि आपलीच शिकवणीची गाडी, आपणांस विचारण्याचे कष्ट न देता, घेऊन गेलो.

चाचणीचे स्थळ म्हणजे दगडखाणीमागचा एक धुळकट रस्ता. त्याला ‘ट्रॅक’ म्हणणे हे डबक्याला महासागर म्हणण्यापैकी होते. संघप्रमुख म्हणजे एक काळा चष्मा. त्यामागे मनुष्य होता की नाही, हे मला बराच वेळ कळले नाही. प्रतिस्पर्धी म्हणजे अंगभर जाहिरातींची ठिगळे लावलेली पोरे. यांना दोन गाड्यांच्या मधे गाडी लावायला सांगा, तिघांचे दिवे फुटतील. नियम असा की शेजारी एक सहकारी बसावा आणि त्याने नकाशा पाहून वळणे सांगावीत. आपल्या पीठातील दुसरे शिक्षक येणार होते, ते ऐनवेळी पोटदुखीला शरण गेले. उरली आपली भगिनी. तिला गाडी शिकवण्याचा माझा प्रयत्न आपणांस स्मरत असेलच : प्रत्येक वळणावर मी डावीकडून ब्रेक दाबला आणि अखेर ती भर चौकात उतरून पायी घरी गेली. त्यानंतर तिने शिवणवर्ग धरला, आणि मी विषय मिटला असे समजलो.

निशाण पडले. मी आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, मागून कोणी येत नाही ना याची खात्री केली आणि मगच निघालो. (संस्कार, दादासाहेब! आपलेच.) तोवर शेजारची गाडी धुळीत दिसेनाशी झाली होती. पुढे पहिल्या वळणावर मी वेग वाढवला, तर गाडी आपसूक मंदावली. दुसऱ्यावरही तेच. खाली पाहिले, तो दुसऱ्या ब्रेकवर सौभाग्यवतींचे पाऊल. मी जाब विचारला. नकाशावरची नजर न काढता ती म्हणाली, “वळण आलं की ब्रेक. तुम्हीच शिकवलंत ना?”

आम्ही शेवटचे आलो. काळा चष्मा डावीकडे आला, काचेवर टकटक केली, ती खाली होईना तेव्हा सरळ दार उघडले आणि वळणांवर ब्रेक कोण दाबत होते, अशी पृच्छा केली. मी उदार अंतःकरणाने गुन्हेगाराकडे बोट दाखवले. त्यावर तो नतद्रष्ट म्हणतो, “सरळ रस्त्यावर गाडी रडत होती, पण वळणं सुरेख घेतलीत. बाई, तुम्ही चालवता का?”

ती चालवते, हे मला त्या क्षणी कळले. मी डावीकडे जाऊन बसलो, सवयीने पाऊल ब्रेकवर ठेवले.

“पाय वर घ्या,” ती म्हणाली.

सबब, आपल्या पीठाचा वरिष्ठ शिक्षक डोक्यावर शिरस्त्राण चढवून, आसनावर मांडी घालून, संपूर्ण फेरीभर वळणे वाचत होता. रस्ता मागे पळत होता, खाण गरगरत होती आणि शेवटच्या वळणावर कोणीतरी लहान मुलासारखे आनंदाने ओरडत होते. चौकशीअंती तो आवाज माझाच निघाला.

तिची निवड झाली. परतताना मी विचारले, गाडी शिकलीस कुठे? “दादाकडे. शिवणाच्या वेळेत.” वर्षानुवर्षे शिवणवर्गाला जाऊन घरात उशीचा एक अभ्रा शिवला गेला नाही, याचा उलगडा आता झाला. दादासाहेब, आपण गोगलगायींचे गुराखी नव्हेत. आपण घरभेदी आहात.

लोभ ठेवावा की नाही ते आपण ठरवावे. गाडी मात्र धुऊन पाठवत आहे.

आपला,
मेहुणा

ता. क. : राजीनामा हा ललित वाङ्मयाचा नमुना समजावा. सोमवारी नेहमीच्या वेळी हजर होतो.

ता. क. दुसरा : खऱ्या शर्यतीतही शेजारी सहकारी लागतो. तिच्या मनात आपले नाव आहे; म्हणते, दादा ब्रेकला पाय लावत नाही. आपली कंबर धक्के सोसणार नाही, असे तिला कृपया आजच कळवावे. मी तासन्‌तास मांडी घालून बसण्याचा सराव सुरू केला आहे. एवढेच मागणे, बाकी पत्र वाचले नाही तरी चालेल.

ता. क. तिसरा : डाव्या दाराची ती काच. मी आजवर कितीदा सांगितले आणि आपण प्रत्येक वेळी ‘बघतो’ म्हणालात. उजवीकडून आलेली खाणीची सगळी धूळ बाहेर जायला वाट नसल्याने माझ्या मांडीत येऊन बसली. आता तिथेच बसायचे म्हटल्यावर प्रश्न गंभीर आहे. काचेचे हँडल तरी सापडले का?